‘मॅडम, घन केला तर?’

आमच्या कॉलेजात टीवायबीएस्सीला गणित घेणाऱ्यांत मुली जास्त असतात. राजापूर, लांजा, संगमेश्वर इकडच्या वाड्यांतून सकाळच्या पहिल्या एसटीनं येतात आणि पहिल्या वर्गात पास होतात. निकाल लागला की बी.एड., बँकेच्या परीक्षा, तलाठी भरती, मुंबईला काकांकडे राहून एखादी नोकरी, नाहीतर लग्न. यातल्या कुठल्याच वाटेला मी कमी लेखत नाही. मला भूमितीची गोडी लावली ती आमच्या शाळेतल्या बी.एड. झालेल्या बाईंनीच. पण गणितात संशोधन करायचं, पीएच.डी. करायची, हे या यादीत कुठे नसतं. त्याला कोणी विरोध केलेला असतो असंही नाही. अशी वाट असते हेच घरात कोणाला माहीत नसतं, आणि आम्ही शिक्षकही ते वर्गात बोलून दाखवत नाही.

मी स्वतः नोकरी सांभाळत पीएच.डी. केली. त्यानंतर ठरवलं की दर वर्षी टीवायच्या वर्गातून निदान एका मुलीला तरी ही वाट दाखवायची, आणि नुसती दाखवून थांबायचं नाही. त्यात काय काय करावं लागलं ते लिहितेय. आपल्याकडच्या इतर कॉलेजांतल्या शिक्षकांना आणि मुलींच्या घरच्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

सुरुवात शनिवारी दुपारच्या बैठकीपासून झाली. अभ्यासक्रमाबाहेरची उदाहरणं घ्यायची, मार्क नाहीत, हजेरी नाही. पहिल्या काही शनिवारी मुली नुसत्या उतरवून घ्यायच्या. प्रूफ म्हणजे पाठ करायची गोष्ट, हे बारावीपासून अंगात भिनलेलं असतं. फळ्यावर काही लिहिलं की आधी वही उघडते, विचार नंतर.

एका शनिवारी मी ग्रुप थिअरीतलं जुनंच उदाहरण दिलं. ग्रुप म्हणजे ज्यातल्या घटकांचा आपापसात गुणाकार करता येतो आणि तो उलटवताही येतो असा संच. आयडेंटिटी म्हणजे ज्यानं गुणलं तरी काही बदलत नाही तो घटक. आणि गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येत असेल तर ग्रुप अबेलियन. उदाहरण असं: ज्या ग्रुपमध्ये प्रत्येक घटकाचा वर्ग आयडेंटिटी येतो, तो ग्रुप अबेलियन असतो हे दाखवा. आडिवऱ्याकडची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, फळ्यापाशी आली. अ आणि ब हे कोणतेही दोन घटक. अब हाही ग्रुपमधलाच, म्हणून अब गुणिले अब म्हणजे आयडेंटिटी. डावीकडून अ नं गुणा, उजवीकडून ब नं गुणा. बअ बरोबर अब. दोन ओळींत झालं. मी शाबासकी दिली, वर्गानं ते उतरवून घेतलं. ती मात्र खडू हातात धरून तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, घन केला तर?”

म्हणजे प्रत्येक घटकाचा वर्ग नाही, घन आयडेंटिटी असेल तर ग्रुप अबेलियन असेल का?

हा प्रश्न पुस्तकात त्या उदाहरणाखाली नव्हता. तो तिचा होता. उत्तर देऊन टाकणं सोपं होतं, पण मी तिला एवढंच म्हटलं की पुढच्या शनिवारपर्यंत शोध. तिनं तासन् तास लहान ग्रुप तपासले, तिला सगळे अबेलियनच मिळाले, आणि ती ते सिद्ध करायला निघाली. होईना. मग मी एक दिशा सुचवली: तीन बाय तीनच्या मॅट्रिक्स (संख्यांचे चौकोनी तक्ते) घे, कर्णावर १, खाली ०, वरच्या तीन जागी ०, १, २ यांपैकी काहीही, आणि सगळा हिशेब मोड्युलो ३, म्हणजे ३ नं भागून उरलेली बाकीच ठेवायची. अशा २७ मॅट्रिक्स होतात. प्रत्येकीचा घन आयडेंटिटी येतो आणि तरी गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. दोन मॅट्रिक्स घेऊन तिनं स्वतः गुणाकार केला, दोन्ही बाजूंनी. उत्तरं वेगळी आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला की ते पाहून वर्गातल्या बाकीच्या मुलीही वह्या घेऊन पुढे आल्या.

त्या दिवशी मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. १९०२ साली विल्यम बर्नसाइड या गणितज्ञानं याच जातीचा प्रश्न विचारला. थोड्याच घटकांपासून तयार झालेला ग्रुप आहे आणि प्रत्येक घटकाचा ठरावीक घात आयडेंटिटी येतो, तर तो ग्रुप सांतच, म्हणजे मोजून संपतील इतक्याच घटकांचा, असेल का? घात ३ असेल तर हो, हे बर्नसाइडनंच दाखवलं. ४ साठी १९४० मध्ये सानोव्हनं, ६ साठी १९५८ मध्ये मार्शल हॉलनं. घात मोठा आणि विषम असेल तर ग्रुप अनंतही असू शकतो, हे १९६८ मध्ये नोविकोव्ह आणि अद्यान यांनी सिद्ध केलं. आणि ५? दोनच घटकांपासून तयार झालेला ग्रुप, प्रत्येकाचा पाचवा घात आयडेंटिटी. तो सांत असलाच पाहिजे का, हे आजही जगात कोणाला माहीत नाही.

“कोणालाच नाही?” असं दोघी-तिघींनी एकदम विचारलं. गणित कधीच पूर्ण झालंय आणि आपण फक्त ते शिकायचं, असं त्या धरून चालल्या होत्या. माझ्या मते मुलींना संशोधनाकडे वळवायचं तर पहिलं काम हेच आहे. “तू हुशार आहेस, पुढे शिक” हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि त्यातून काही हलत नाही. तिनं विचारलेला प्रश्न पकडायचा आणि तो कुठपर्यंत जातो ते तिला दाखवायचं. मग ती स्वतःहून विचारते, “हे काम करणारी माणसं कुठे असतात? तिथे कसं जायचं?”

तिथे कसं जायचं, याचा एक चांगला दरवाजा म्हणजे एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च). प्राध्यापक कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेलं हे उन्हाळी शिबिर, साधारण चार आठवड्यांचं. नुसती व्याख्यानं नसतात, शिक्षक प्रश्न विचारत राहतात आणि मुलांनी बोलायचं असतं. दिवसभर गणित, रात्री पुन्हा तेच. एस.वाय.च्या मुलीलाही अर्ज करता येतो, शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं.

या शिफारसपत्राबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण इथे आपण मुलींचं नुकसान करतो. मी इतरांनी लिहिलेली पत्रं पाहिली आहेत. मुलगा असेल तर ‘तल्लख’, ‘स्वतंत्र विचाराचा’. मुलगी असेल तर ‘कष्टाळू’, ‘नियमित’, ‘नम्र’, ‘अक्षर सुंदर’. निवड करणाऱ्याला त्यातून काय कळणार? मी त्या मुलीच्या पत्रात तिच्या घनाच्या प्रश्नाची हकिकत लिहिली. तिनं काय विचारलं, कुठे अडली, किती वेळ चिकटून राहिली, दिशा मिळाल्यावर काय केलं. तिची हजेरी, तिचं अक्षर यांचा उल्लेखही नाही. तिची निवड झाली.

आणि मग खरी अडचण उभी राहिली, ती म्हणजे मे महिना.

कोकणात मे महिन्यात घरातला एक हात कमी होणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. त्या मुलीच्या घरी आंब्याची थोडी कलमं होती, मोठा बागायतदार नव्हे. काढणी सुरू, त्यात चुलत बहिणीचं लग्न. मी एप्रिलच्या शेवटी त्यांच्या घरी गेले तेव्हा पडवीत पेट्या भरणं चाललं होतं. तिचे बाबा आंबा हातात घेऊन तोलून बघत आणि आकारानुसार वेगळा करत, आई पेटीत गवत अंथरत होती, आजी डागी फळं कॅनिंगसाठी बाजूला काढत होती. आणि ती मुलगी पायरीवर वही घेऊन पेट्यांचा हिशेब लिहीत होती. रात्री वाशीचा टेम्पो यायचा होता. मीही आजीशेजारी बसले आणि फळं पुसायला घेतली. बोलणं कामात कामात झालं.

“मे महिन्यातच कशाला ठेवतात हे?” बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, “सुट्टीत हॉस्टेलं रिकामी असतात, शिकवणाऱ्यांनाही वेळ असतो.”

“आणि खर्च?”

“राहणं-जेवण त्यांचं. रेल्वेचं स्लीपरचं भाडंसुद्धा देतात.”

आजी म्हणाली, “शिकून पुढं गावणार काय तिला?”

मग मी पीएच.डी.चं सांगितलं. नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली की दर महिन्याला पैसे मिळतात. तेव्हाचा आकडा सांगितला (१ जानेवारी २०२३ पासून तो पहिली दोन वर्षं ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये झालाय, घरभाडं वेगळं). बाबांचा हात थांबला. “शिकायचे पैसे ते आपल्याला देणार? आणि परत करायचे नाहीत?” नाही, परत करायचे नाहीत. ते काही बोलले नाहीत, पण पुढची पेटी भरताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, खात्री करून घ्यायला.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. पीएच.डी. म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं बापाच्या पैशावर शिकणं, असाच आपल्याकडे समज आहे. मुलीच्या बाबतीत तो समजच दार बंद करतो. आकडा स्पष्ट सांगावा. त्यात संकोच करू नये.

आईची काळजी वेगळी होती. एकटी प्रवासाला, अनोळखी गावात महिनाभर. तिला मी मुलींच्या हॉस्टेलची माहिती दिली, आदल्या वर्षी जाऊन आलेल्या दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलीच्या आईशी फोनवर गाठ घालून दिली. दोघी अर्धा तास बोलल्या. जेवण, आंघोळीचं पाणी, रात्री गेट किती वाजता बंद होतं, या गोष्टी. माझ्या शब्दापेक्षा त्या फोनचा उपयोग जास्त झाला. तेव्हापासून मी हे नेहमी करते, आईची गाठ आईशी. लग्नाला मुलगी नव्हती, यावरून नातेवाइकांत बोललं गेलं. पण ती गेली.

आपल्या भागात हे समजावताना मला दोन नावांचा फार आधार होतो. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे, १८९९ साली केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झालेले पहिले भारतीय. आणि मुरूडचे धोंडो केशव कर्वे. महर्षी म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते हे सांगितलं की लोक चकित होतात. स्त्रियांचं विद्यापीठ १९१६ साली काढणारा माणूस गणित शिकवत होता, आणि तो आपल्या किनाऱ्यावरचा होता. मुलींना मी तिसरंही नाव सांगते. परांजप्यांच्या नऊ वर्षं आधी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट या मुलीनं त्याच परीक्षेत सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळवले होते. मुलगी म्हणून तिला तो किताबही मिळाला नाही आणि पदवीही नाही. केंब्रिजनं स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं.

शिबिराहून आली ती बदलून आली. बोलायला लागली. समजलं नाही तर “समजलं नाही” असं सगळ्यांसमोर म्हणायला लागली, आणि हे आमच्या मुलींना सगळ्यात जड जातं.

पुढची पायरी एम.एस्सी. त्यासाठीच्या आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण गणपतीच्या आसपास निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. मुलींना अर्जाचं शुल्क निम्मं असतं. अर्ज आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये बसून भरला, कारण गावात रेंज नव्हती आणि फोटो अपलोड होईना. परीक्षा झाली, एका आयआयटीत प्रवेश मिळाला. ही सगळी प्रक्रिया मी दोन ओळींत लिहितेय, कारण ती खरंच तेवढीच आहे. आधी कळलं असेल तर अभ्यासाला वर्ष मिळतं, उशिरा कळलं तर मिळत नाही.

अवघड होता तो पहिला सेमिस्टर. दसऱ्यानंतर कधीतरी तिचा रात्री फोन आला. टोपॉलॉजीच्या तासाला मुलं पटापट प्रश्न विचारतात, मोठ्या शहरांतून आलीत, यांना सगळं आधीच येतं, मी इथली नाही, असं म्हणत रडली. मी विचारलं, नेमकं काय होतं तासाला? म्हणाली, तिनं एक शंका विचारली तर मागून कोणीतरी म्हणालं, “हे तर ट्रिव्हियल आहे.” त्यानंतर तिनं शंका विचारणंच सोडलं.

गणितात हा शब्द फार वापरला जातो. पुस्तकात तो असतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हे थोड्या विचारानं होईल’ असा असतो. तोंडावर फेकला जातो तेव्हा तो समोरच्याला गप्प करतो, आणि आधीच गप्प बसायला शिकवलेल्या मुलीला तर कायमचा. माझ्या वर्गात हा शब्द कोणी दुसऱ्याच्या शंकेला लावायचा नाही, असा मी नियमच केलाय. तिला मी सांगितलं की दर आठवड्याला न समजलेल्या गोष्टींचं एक पान लिहून मला व्हॉट्सअॅपवर पाठव. उत्तर मी देईनच असं नाही, पण वाचेन. ती पाठवत गेली. आधी पानावर “समजलं नाही” एवढंच असे. हळूहळू “हे समजलं, पण कॉम्पॅक्ट नसेल तर का चालत नाही?” असं येऊ लागलं. आणि एके दिवशी पान आलं नाही. मी काळजीनं फोन केला तर म्हणाली, “मॅडम, आता मी ते सरांना विचारते. आणि आम्ही तिघी मिळून रात्री बसतो.” मला एवढंच हवं होतं. जिथे मुली दोघी-तिघी असतात तिथे त्या टिकतात, एकटी असेल तर फार कठीण जातं.

पीएच.डी.च्या मुलाखतीला तिची आई बरोबर गेली होती, कोकणकन्येनं मुंबईपर्यंत आणि पुढे. मुलाखतीत काय झालं ते तिनं मला सविस्तर सांगितलं आणि मी ते आता दर वर्षी मुलींना सांगते. त्यांनी विचारलं, आवडता विषय? लिनियर अल्जेब्रा. बरं, तीन बाय तीनची अशी रिअल मॅट्रिक्स आहे का, जिचा वर्ग उणे आयडेंटिटी येतो? तिला उत्तर माहीत नव्हतं. तसं ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. “दोन बाय दोनमध्ये आहे, नव्वद अंशांचं रोटेशन.” ते लिहिलं. मग तीनवर थांबली. बरंच थांबली. कोणी घाई केली नाही. मग म्हणाली, “डिटरमिनंट घेऊन बघते.” डाव्या बाजूला डिटरमिनंटचा वर्ग, उजवीकडे उणे एकचा घन म्हणजे उणे एक. रिअल संख्येचा वर्ग उणे येत नाही. म्हणजे नाही. लगेच पुढचा प्रश्न आला, “मग चार बाय चार?” आणि ती हसली, कारण आता तिला दिसत होतं.

तिला उत्तर पाठ नव्हतं, ही गोष्ट तिच्या फायद्याची ठरली. आमच्या मुली मुलाखतीत ‘येत नाही’ म्हणून खाली बघतात आणि तिथेच संपतं. ‘येत नाही, पण लहान उदाहरण घेऊन बघते’ एवढं एक वाक्य शनिवारी शनिवारी घोटून घ्यावं लागतं. ती आता बीजगणितातच संशोधन करतेय.

सगळ्या जात नाहीत. दाभोळकडची एक, माझ्या मते हिच्याहूनही तल्लख, शिबिराला निवडली गेली होती आणि तिचं लग्न ठरलं. मी घरी गेले, बोलले, आणि परत आले. तिचा निर्णय तिचा होता की घरच्यांचा, हे मला शेवटपर्यंत सांगता आलं नसतं. ती चिपळूणला गेली. तिनं पुढे बाहेरून एम.एस्सी. केली, मग मुलगा झाला, आणि गेल्या वर्षी तिचा मेसेज आला: “मॅडम, अजून जमेल का?”

जमेल. हे मी तिला धीर द्यायला म्हटलं नाही, नियम वाचून दाखवले. यूजीसीच्या नियमाप्रमाणे पीएच.डी.ला सहा वर्षांची मुदत असते, स्त्रियांना त्यात आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हे तिला माहीत नव्हतं, तिच्या ओळखीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. मग गणितज्ञ मंगला नारळीकरांबद्दल बोललो. एम.ए.ला सुवर्णपदक १९६४ मध्ये, लग्न, संसार, मुली, आणि पीएच.डी. १९८१ मध्ये, तीही संख्या सिद्धांतासारख्या (नंबर थिअरी) कठीण विषयात. ही गोष्ट मी जपून सांगते. ती ऐकून सासरची माणसं म्हणायला नकोत की बघ, त्यांनी सगळं घर सांभाळून केलं, तूही कर. ज्यांना त्या मधल्या वर्षांत संशोधन करायचं होतं त्यांना ती वर्षं मिळायला हवी होती, असंच मला वाटतं. पण उशीर झाला म्हणून वाट बंद झाली नाही, हे त्यातून घ्यायचं.

चिपळूणहून ती शनिवारी एसटीनं येते. त्या दुपारी नातवाला तिचे सासरे बघतात, आणि याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. सासूबाईंना आधी पटलं नव्हतं, आता डबा त्याच भरून देतात. टीवायच्या मुलींबरोबर ती बसते, त्यांना ग्रुप थिअरी समजावते आणि माझ्याकडून अॅनालिसिस शिकून घेते. नेटची एक परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. पुढची द्यायची आहे. कॉम्प्लेक्स अॅनालिसिसमध्ये रेसिड्यूचं प्रकरण कच्चं राहिलंय, सध्या आम्ही तेच करतोय.